मागचा स्वे बार बदलताना काम आणि वॉरंटी कशी सांभाळावी

वळणावर गाडीची बॉडी बाहेरच्या बाजूला कलते. हे कलणे आवरण्यासाठी डाव्या आणि उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला जोडणारा जो पोलादी दांडा बसवलेला असतो, त्याला स्वे बार किंवा अँटी-रोल बार म्हणतात. गॅरेजमध्ये तो स्टॅबिलायझर बार या नावाने ओळखला जातो. दोन्ही चाके एकाच वेळी वर-खाली झाली, तर हा दांडा आपल्या बुशमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरी पकडीत, नुसता फिरतो आणि सस्पेन्शनच्या कामात ढवळाढवळ करत नाही. एक चाक वर गेले आणि दुसरे खाली राहिले की मात्र तो पिळला जातो आणि त्या पिळाला विरोध करतो. पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या बहुतेक गाड्या कंपनीतून निघतानाच अशा जुळवलेल्या असतात की वेगात वळताना स्टिअरिंग फिरवूनही नाक थोडे बाहेर सरकते. मागे अधिक ताठ बार बसवला की वळणातला भार मागच्या बाहेरच्या चाकाकडे अधिक जातो, मागची पकड किंचित कमी होते, त्या मानाने पुढची चाके मोकळी होतात आणि गाडी अधिक तत्परतेने वळते.

बदलाचा आकार समजून घेतल्याशिवाय खरेदी करू नये, कारण इथे दोन मिलिमीटरसुद्धा मोठे असतात. भरीव बारचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे २० मिलिमीटरच्या जागी त्याच आकाराचा आणि त्याच धातूचा २२ मिलिमीटरचा बार बसवला, तर ताठपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. पोकळ बारचे गणित वेगळे असते. तिथे बाहेरचा आणि आतला असे दोन्ही व्यास पाहावे लागतात, त्यामुळे पोकळ आणि भरीव बारची तुलना केवळ बाहेरच्या व्यासावरून करणे चुकीचे ठरते. काही बारच्या टोकांना दोन-तीन छिद्रे असतात. बारचे टोक सस्पेन्शनला जोडणारा छोटा दांडा, म्हणजे लिंक रॉड, बारच्या वळणाजवळच्या छिद्रात लावला की टोकाचा हात आखूड होतो आणि बार ताठ होतो. टोकाकडच्या छिद्रात लावला की मऊ होतो.

आता सर्वांत आधीचा प्रश्न असा की आपल्या गाडीला मागे स्वतंत्र बार आहे का. आपल्याकडच्या बहुसंख्य हॅचबॅक आणि छोट्या सेडान गाड्यांना मागे टॉर्शन बीम, म्हणजे मागची दोन्ही चाके जोडणारी आडवी तुळई, असतो. हा बीम स्वतःच पिळला जाऊन बारचे काम करतो, आणि काही गाड्यांत त्याच्या पोकळीत एक छोटा बार बसवलेला असतो. अशा गाडीत बार बदलता येत नाही. बाजारात मिळतो तो बीमला बाहेरून बोल्टने जोडायचा जादा बार असतो. भारतात २००६ साली आलेल्या होंडा सिविकसारख्या किंवा महिंद्रा एक्सयूव्ही ७००सारख्या मागे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाड्यांत मात्र जुना बार काढून नवा बसवता येतो. बीमवर जादा बार बसवण्यासाठी छिद्र पाडावे किंवा वेल्डिंग करावे लागणार असेल, तर ते काम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ भागाला कायमची इजा झाली की गाडी पूर्ववत करण्याचा मार्ग बंद होतो, आणि वॉरंटीच्या वादात आपली बाजू उभी राहते ती याच मार्गावर.

मुंबईत गाडी चालवणाऱ्याने आणखी एक गोष्ट तोलून पाहावी. ताठ बार वळणावर जे सुख देतो, त्याची किंमत खड्ड्यात वसूल करतो: एक चाक खड्ड्यात गेले की त्याचा हिसका बारमधून दुसऱ्या चाकापर्यंत पोहोचतो. पावसाळ्यात उखडलेल्या रस्त्यांवर, पेव्हर ब्लॉकच्या खचलेल्या पट्ट्यांवर आणि सोसायटीच्या गेटजवळच्या उंच गतिरोधकांवर तिरपे चढताना हा फरक रोज जाणवेल. कोस्टल रोडवर किंवा अटल सेतूवर मात्र त्याचा फारसा उपयोग होणार नाही, कारण तिथली वळणे वेगमर्यादेत मूळ बारलाही सहज झेपतात. ज्यांचे घाटातले जाणे-येणे नेमाने होते, त्यांच्यासाठी विचार वेगळा. तरीही पैसे खर्च करण्याआधी टायरमधली हवा, टायरची झीज, लिंक रॉडचा खडखडाट आणि बुशची अवस्था तपासून घ्यावी. झिजलेले बुश आणि लिंक रॉड बदलल्यावर अनेक गाड्या इतक्या सुधारतात की जाड बारची गरजच उरत नाही, आणि हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मूळ सुट्या भागांनी होत असल्यामुळे वॉरंटीचा प्रश्नही येत नाही.

यानंतरही बार बदलायचा निर्णय कायम असेल, तर पाना हातात घेण्यापूर्वी वॉरंटीची पुस्तिका घेऊन शांतपणे बसावे. गाडीत फेरफार केल्यास किंवा ती शर्यतीसाठी वापरल्यास वॉरंटी लागू राहणार नाही, अशा अर्थाचे कलम बहुतेक पुस्तिकांत असते. त्याचे शब्द नीट वाचावेत. ‘फेरफारामुळे झालेला बिघाड वगळला आहे’ आणि ‘फेरफार केलेली गाडी वगळली आहे’ ही दोन वाक्ये दिसायला जवळची आहेत, पण पहिल्यात केवळ त्या फेरफारातून उद्भवलेला दोष आपल्या माथी येतो, तर दुसऱ्याच्या आधारे कंपनी सगळीच वॉरंटी नाकारू पाहू शकते. इंटरनेटवर ‘कंपनीला कारण सिद्ध करावेच लागते’ असा जो ठाम सल्ला वाचायला मिळतो, तो बहुधा अमेरिकेच्या १९७५ सालच्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यावर बेतलेला असतो. तो कायदा इथे लागू नाही, आणि त्याचा हवाला देऊन सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर काहीही साधणार नाही.

आपल्याकडे या विषयाच्या सर्वांत जवळ जाणारा दस्तऐवज म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा आदेश. सुट्या भागांच्या बाजारपेठेसंबंधीच्या त्या प्रकरणात आयोगाने १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला आणि असेही बजावले की ग्राहकाने बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी. कंपन्यांनी या आदेशाला पुढे आव्हान दिले. शिवाय तो दुरुस्तीविषयी आहे, फेरफाराविषयी नाही, हे भान ठेवलेच पाहिजे. नुकसान आणि त्याचे कारण यांची सांगड घातली जावी, हे त्यातले तत्त्व पत्रव्यवहारात मांडण्यासाठी उपयोगी आहे. मात्र हमी म्हणून त्यावर विसंबू नये.

म्हणून लेखी विचारणा करणे हाच सुज्ञ मार्ग आहे. सर्व्हिस अॅडव्हायझर तोंडी म्हणतो, ‘साहेब, काही प्रॉब्लेम नाही, बिनधास्त लावा,’ पण दीड वर्षाने तो दुसऱ्या शोरूममध्ये गेलेला असतो. डीलर आणि कंपनीचा ग्राहक विभाग या दोघांना एकच ईमेल पाठवावा आणि त्यात साधारण असे लिहावे: ‘माझ्या गाडीचा मागचा स्टॅबिलायझर बार काढून अमुक व्यासाचा, अमुक पार्ट नंबरचा बार मूळ माउंटिंग पॉइंटवर, कोणतेही छिद्र न पाडता बसवण्याचा विचार आहे. याचा वॉरंटीच्या कोणत्या भागांवर परिणाम होईल, हे कृपया भागांची नावे घेऊन लेखी कळवावे.’ ‘वॉरंटी जाईल का?’ असा मोघम प्रश्न विचारला की उत्तरही मोघम आणि नकारात्मक येते. भागवार विचारले की इंजिन, गिअरबॉक्स, एसी आणि इलेक्ट्रॉनिक्स यांच्याविषयी वेगळे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. मागचे शॉक अॅब्जॉर्बर, बुश, लिंक रॉड आणि बारचे ब्रॅकेट यांच्यावरचा दावा मात्र पुढे नाकारला जाईल, असे गृहीत धरूनच पुढे जावे. ते सोसणार नसेल, तर वॉरंटी संपेपर्यंत थांबावे.

आपल्याच मॉडेलच्या अधिक जोमदार आवृत्तीला कंपनीनेच जाड बार दिला असेल आणि तो आपल्या गाडीच्या सबफ्रेमवर, म्हणजे सस्पेन्शन धरणाऱ्या खालच्या चौकटीवर, बसत असेल, तर तो मूळ सुटा भाग म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच बसवून घ्यावा आणि जॉब कार्डवर त्याची नोंद करून घ्यावी. याहून सुरक्षित पर्याय मला दिसत नाही. बाहेरचा बार घ्यायचा झाल्यास जीएसटी बिल आणि पार्ट नंबर यांचा आग्रह धरावा. ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या बाजारात वा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळणारा, कोणत्या गाडीतून निघाला हे न सांगता येणारा जुना बार स्वस्त पडला, तरी त्याला आतून तडा गेला आहे का, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

बसवण्याच्या आदल्या दिवशी लिंक रॉडच्या आणि ब्रॅकेटच्या नट-बोल्टवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि तुंबलेल्या पाण्यात फिरलेल्या गाडीचे हे बोल्ट सहजासहजी सुटत नाहीत. गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावावा, आणि मागची दोन्ही चाके सारख्याच उंचीवर उचलून गाडी जॅक स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. दोन्ही चाके समान उंचीवर असण्याचे कारण असे की एकच बाजू उचलली तर बार पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लिंक सुटताच झटका देतो. लिंक रॉडचा नट सोडवताना त्याचा बॉल जॉइंटही सोबत फिरू लागतो. त्याच्या टोकाच्या खाचेत अॅलन की घालून तो स्थिर धरावा. मग ब्रॅकेटचे बोल्ट काढून बार बाजूने अलगद बाहेर घ्यावा. काही गाड्यांत त्यासाठी सायलेन्सरचे रबरी हँगर सोडवावे लागतात, तर काहींत सबफ्रेम खाली घ्यावी लागते, आणि असे असेल तर हे काम घरच्या पार्किंगमध्ये करण्याचे नाही.

जुना आणि नवा बार जमिनीवर शेजारी ठेवून वळणे, टोके आणि बुशची जागा जुळते की नाही हे पाहावे. बुश पॉलियुरेथेनचे असतील, तर सोबत आलेले सिलिकॉनचे ग्रीसच लावावे, नाहीतर थोड्याच दिवसांत करकर सुरू होते. छिद्रे बदलता येणारा बार असेल, तर पहिल्यांदा सर्वांत मऊ छिद्र निवडावे, आणि ते दोन्ही बाजूंना एकच असावे. सेल्फ-लॉकिंग नट नवे वापरावेत. सगळे बोल्ट आधी हाताने बसवून, गाडीचा भार चाकांवर आल्यानंतर टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याइतके आवळावेत. अंदाजाने आवळलेला बोल्ट हाच पुढच्या वादातला सर्वांत दुबळा दुवा ठरतो. ब्रेकची होज, एबीएसच्या सेन्सरची वायर आणि सायलेन्सर यांच्यापासून बार दूर राहतो का, हे सस्पेन्शन पूर्ण दबलेले आणि पूर्ण सुटलेले असताना, अशा दोन्ही स्थितींत पाहावे. काही दिवसांनी सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत. नुसता बार बदलल्याने अलाइनमेंट बिघडत नाही, पण सबफ्रेम किंवा कंट्रोल आर्म सैल केला असेल तर ते करून घ्यावे.

पहिली चाचणी कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात घ्यावी. ओल्या रस्त्यावर वळणाच्या मध्येच अॅक्सिलरेटर एकदम सोडल्यास गाडीची मागची बाजू पूर्वीपेक्षा लवकर सुटू शकते, आणि पहिल्या पावसात धूळ व तेल मिसळून रस्ता निसरडा होतो तेव्हा ही शक्यता अधिक असते. ईएससी, म्हणजे गाडी घसरू लागताच ब्रेक लावून सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, मूळ ताठपणाच्या हिशेबाने जुळवलेले असल्यामुळे ते नव्या बारसोबत वेगळ्या क्षणी मध्ये पडू शकते. मागची बाजू अस्वस्थ वाटली, तर ताठ छिद्र निवडले असल्यास पुन्हा मऊ छिद्र, नाहीतर मूळ बार हाच उपाय आहे; चालवण्याच्या कौशल्याने ती उणीव भरून काढण्याचा हट्ट धरू नये.

कामाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे, ओडोमीटरचा आकडा, बिल आणि आवळलेल्या टॉर्कची नोंद एकाच फाइलमध्ये ठेवावी. जुना बार, बुश आणि ब्रॅकेटसह गुंडाळून माळ्यावर जपावा. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवून पॉलिसीवर एंडोर्समेंट, म्हणजे बदलाची अधिकृत नोंद, मागावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतील फेरफारांवर निर्बंध आहेत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते काटेकोरपणे वाचले आहेत, आणि नियमबाह्य फेरफारासाठी कलम १८२अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. नोंदणी प्रमाणपत्रात स्वे बारचा रकाना नसला, तरी गाडी जिथे नोंदलेली आहे त्या ताडदेव, वडाळा, अंधेरी किंवा बोरिवलीच्या आरटीओकडे आधी लेखी विचारणा करून ठेवणे हिताचे आहे.

सर्व्हिसला जाताना जुना बार परत बसवून बदल लपवण्याचा सल्ला अनेकजण देतात. तो मानू नये; त्याने खरी तक्रारही संशयास्पद होते. बदल उघड सांगावा. बारशी संबंध नसलेल्या भागाचा, समजा एसीच्या काँप्रेसरचा, दावा नाकारला गेला, तर नकाराचे तांत्रिक कारण लेखी मागावे आणि जॉब कार्डची प्रत घ्यावी. पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथेही तोडगा निघाला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि दोष ठरवण्यासाठी तो भाग प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा आदेश आयोग देऊ शकतो. म्हणून नाकारलेला भाग बदलून घ्यावा लागला, तर जुना भाग भंगारात न देता ताब्यात ठेवावा. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.