शमनाला नेम लावताय? आधी तो मोडून बघा

टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमसाठी तुम्ही शमन, म्हणजे आत्म्याच्या जोरावर मंत्र करणारं पात्र, बनवताय. कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचा कागद) भरून झालंय, सिस्टिम (कुठले नियम वापरायचे ते) ठरलीय, शमनाच्या पाठीशी कोणता आत्मा आहे (जनावर, झाड, मेलेला आजा, जे असंल ते) हे जीएमशी (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) बोलून झालंय, असं धरून चालतो. आता उरले नेम. म्हणजे हा माणूस काय खात नाही, कशाला शिवत नाही, कधी काय करत नाही.

नेटवर याच्या याद्या मिळतात, फासा टाका आणि उचला. मांस खात नाही, लोखंडाला शिवत नाही, खोटं बोलत नाही. पोरं उचलतात, शीटच्या कोपऱ्यात लिहितात आणि दुसऱ्या सेशनला (खेळाच्या बैठकीला) तोच शमन ढाब्यावर बसल्यासारखा कोंबडीची तंगडी ओढत असतो आणि टेबलावर कुणालाच काही वाटत नाही, कारण कुणाच्या लक्षातच नसतं. या याद्या बंद करा. आपल्याकडं बाकी कशाचाही दुष्काळ असंल, नेमांचा नाही.

चातुर्मासात वांगं बंद करणारी आजी घरोघरी असते. तिचा नेम तुम्हाला कळतो कधी? नातवाच्या बारशाच्या पंगतीत वाढपी वांग्याची भाजी घेऊन येतो आणि ती पत्रावळीवर आडवा हात धरते तेव्हा. वाढपी म्हणतो, "घ्या ना मावशी, थोडीच," आणि ती मान हलवते. मग चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून झाला की तीच आजी दोन वाट्या भरीत संपवते. म्हणजे नेम कुणासाठी ते ठरलेलं, संपायचा दिवस ठरलेला, आणि चारचौघांत तो दिसतो. शमनाच्या नेमाला हे तीन असले की निम्मं काम झालं.

नेम निवडायचा तो आत्म्याच्या बाजूनं. तुम्हाला काय भारी दिसतंय याला किंमत नाही, आत्म्याला काय सोसत नाही किंवा त्याचं काय देणं राहिलंय ते बघा. एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जातो. समजा शमनाचा आत्मा म्हणजे आटलेली नदी. तिचा नेम असा: कुठल्याही भांड्यातलं काहीही प्यायच्या किंवा कुणाला पाजायच्या आधी पहिला घोट जमिनीला द्यायचा. बस, एवढंच. साधा वाटतो, पण बघा काय काय होतं. राजाच्या दरबारात दारूचा प्याला हातात दिला की हा बाबा गालिच्यावर ओततो आणि दरबार गप्प. वाळवंटात पार्टीचं (बरोबरच्या पात्रांच्या टोळीचं) पाणी संपत आलंय आणि हा त्यातलंच सांडतोय, मग बाकीचे त्याच्याकडं कसे बघतील? आणि लढाईत जीव वाचवायची औषधाची कुपी, तिचाही पहिला घोट मातीत. डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग गेममध्ये साध्या कुपीनं चार बाजूंच्या दोन फाशांची बेरीज अधिक दोन एवढे हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) परत मिळतात, तर जीएमला सांगून ठेवायचं की आमच्या शमनाला ते वरचे दोन मिळणार नाहीत, नुसते फासे. दोन पॉइंट म्हणजे काहीच नाही, पण दर वेळी टेबलावर सगळ्यांना आठवतं.

इथं दोन गोष्टी टाळा. एक, "निरपराधाला मारत नाही", "वचन मोडत नाही" असले नेम. तो चांगुलपणा झाला, नेम नाही, आणि तो तर पार्टीतल्या अर्ध्या लोकांकडं असतोच (निदान शीटवर). दुसरं, सगळ्या पार्टीला खोळंबून ठेवणारे नेम. "सूर्य मावळल्यावर प्रवास नाही" असं एकानं लिहिलं की बाकीचे चौघं बसले जांभया देत. ओझं आधी स्वतःच्या डोक्यावर पाहिजे, दुसऱ्यांना त्याची नुसती झळ. संख्या दोन. तिसरा नेम लिहायला हात शिवशिवला तर पेन खाली ठेवा.

आता खरं अवघड. नेम मोडल्यावर काय?

इथं सगळे गळपटतात, मलाही हे जमायला लई वेळ लागला, आणि छापील नियमवाले पण यातून सुटलेले नाहीत. ड्रुइडचं, म्हणजे निसर्गातून शक्ती घेऊन मंत्र करणाऱ्या पात्राचं, बघा. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत स्पष्ट होतं: बंदी असलेलं चिलखत घातलं तर ते अंगावर असेपर्यंत आणि वर आणखी २४ तास मंत्र बंद. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत नुसतं एवढं की ड्रुइड धातूचं चिलखत घालत नाहीत. घातलं तर काय, यावर चकार शब्द नाही. मग लोक वर्षानुवर्षं भांडत बसले आणि २०२४ च्या नियमांत ती ओळच गेली. परिणाम न लिहिलेल्या नेमाचं हेच होतं, एक तर भांडणं नाहीतर विसर. आणि २४ तासवाला नियम तरी काय चांगला? पार्टी म्हणते चला, झोपू, उद्या बघू. शिक्षेची सुट्टी झाली.

त्याउलट जुन्या आयरिश कथांतला वीर कू हुलिन घ्या. त्याला कुत्र्याचं मांस वर्ज्य, आणि कुणी चुलीपाशी बोलावून जेव म्हटलं तर नाही म्हणायचं नाही हा दुसरा नेम. शेवटच्या लढाईला निघाला तर वाटेत म्हाताऱ्या कुत्रं भाजत बसलेल्या, म्हणाल्या, ये, खा. आता कुठलाही नेम पाळला तरी दुसरा मोडणारच. त्यानं डाव्या हातानं मांस घेतलं, खाल्लं, डाव्या मांडीखाली ठेवलं, आणि त्या हाताची अन् त्या मांडीची ताकद गेली. पूर्ण माणूस लुळा पडला नाही, आभाळातून वीज पडली नाही. ज्या अंगानं मोडला तेवढंच अंग गेलं, आणि लगेच गेलं. शमनाच्या नेमाची शिक्षा मला अशीच लागते: तिथल्या तिथं, सगळ्यांना दिसणारी आणि मोजक्या जागेवर.

"सगळी शक्ती गेली" हे कधीही लिहू नका. जीएम लोकांना हे लई आवडतं, पण त्यानं काय होतं तर खेळाडू घाबरून घाबरून खेळतो, प्रत्येक घासाला विचारतो यात काय काय आहे, आणि तीन तासांतला एक तास स्वयंपाकाच्या चौकशीत जातो. आमच्यातला उदगीरकडचा एक गडी असाच प्रत्येक दाराला हात लावायच्या आधी "लोखंडाचं हाय का?" विचारायचा, शेवटी बाकीच्यांनी दारं तोडायला सुरुवात केली.

नदीवाल्या शमनाचं मी असं लिहीन. घोट न देता प्यायला किंवा पाजलं की जीभ कोरडी पडते, बोलून म्हणायचे मंत्र होत नाहीत, हातवाऱ्यांचे होतात. नकळत झालं, म्हणजे अंधारात कुणी तोंडात पाणी ओतलं, तर पुढच्या पाण्याला दोन घोट द्यायचे, मिटलं. कुणी जबरदस्तीनं पाजलं तर कोरड येते, पण नदीचा राग पाजणाऱ्यावर, आणि हे सोनं आहे, कारण आता आत्म्याला स्वतःचा वैरी मिळाला. आणि जाणूनबुजून मोडला, मरणाऱ्या मित्राला अख्खी कुपी पाजली, तर कोरड तोवर राहते जोवर शमन एखाद्या तहानलेल्या अनोळखी माणसाला स्वतःच्या वाट्याचं पाणी देत नाही. हा परतीचा रस्ता आधीच लिहून ठेवा. तो करायला लागावा, भरायला नाही. शंभर सोन्याची नाणी देवळात टाकली की झालं, असलं प्रायश्चित्त लिहिलंत तर नेमाचा टोलनाका होतो.

शेवटचा प्रकार, जाणूनबुजूनचा, तो नीट जमला की बाकी सगळं आपोआप बसतं. स्वतःला विचारा, माझा शमन हा नेम कोणासाठी मोडेल? उत्तर "कोणासाठीच नाही" आलं तर नेम मेलेला आहे. "कोणासाठीही" आलं तर तो नेमच नाही. एखादं माणूस, एखादी वेळ डोळ्यांसमोर आली तर ठेवा. दोन नेम घेणार असाल तर कू हुलिनसारखे ते एकमेकांना कुठं आडवे येतात तेही बघून ठेवा, आणि ते जीएमच्या कानात सांगा.

जीएमला मात्र एक तंबी. भीष्म शिखंडीवर शस्त्र उचलणार नाही हे पांडवांना माहीत होतं, आणि त्याचा वापर झाला तो एकदाच. दर सेशनला शत्रू नेमावर बोट ठेवायला लागला तर खेळाडू पुढच्या वेळी बिननेमाचा तलवारवाला घेऊन येईल आणि त्याचं बरोबर असंल. नेम मोडला हे खेळाडूनं स्वतः सांगायचं, जीएमनं पोलिसगिरी करायची नाही.

दुसरं, आपल्या आजूबाजूचं उचलताना जरा दमानं. पोतराज केस कापत नाही, आराधी कवड्यांची माळ घालून परडी घेऊन जोगवा मागतात, ही कुणाच्यातरी घरातली खरी माणसं आहेत, कदाचित तुमच्याच टेबलावरच्या कुणाच्या घरातली. त्यांचा वेष उचलून शमनाला चढवू नका. रचना घ्या. तुळजापूरला घटस्थापनेच्या आधी देवी निद्रेला जाते, सगळ्या मराठवाड्याला माहीत आहे. त्यातून एवढंच घ्या की आत्मा वर्षातून काही दिवस झोपतो, त्या दिवसांत त्याला हाक मारायची नाही. देवी तिथंच राहू द्या, झोप तेवढी तुमच्या डोंगराच्या आत्म्याला द्या.

खेळताना भाषण नको. "माझ्या आत्म्याशी झालेल्या करारानुसार" वगैरे सुरू केलं की लोक मोबाईल काढतात. प्याला उचला, थोडा तिरका करा, "पहिला घोट" एवढंच म्हणा. चौथ्या-पाचव्या वेळी पार्टीतला चोर स्वतःहून तुमच्या प्याल्याखाली भांडं धरंल, आणि मग ते पाणी जमिनीला पोचलं का नाही यावर एक अख्खं सेशन वाद होईल. होऊ द्या.

शीटवर हे सगळं हिट पॉइंटच्या शेजारी लिहा, मागच्या पानावर नको: नेम, मोडला तर काय, परत कसं. आणि पेन्सिलनं लिहा, कारण शिक्षा जड झाली का हलकी हे दोन-तीनदा मोडल्याशिवाय कळत नाही आणि खोडायला लागणारच.