सेलवर चालणारा रेडिओ: जागा, एरियल आणि सेल

सेलवर चालणारा लहान रेडिओ खरखरतो, आवाज मध्येच बसतो किंवा सेल भराभर संपतात, अशा तक्रारींत दोष क्वचितच संचाचा असतो. तो कुठे ठेवला आहे, कोणत्या दिशेला वळवला आहे आणि त्यात कसले सेल घातले आहेत, यांवर ऐकण्याचा दर्जा जितका अवलंबून असतो तितका तो संचाच्या किमतीवर नसतो. म्हणून दुसरा रेडिओ घेण्याआधी हातात असलेल्या रेडिओची जागा बदलून पाहावी.

त्यासाठी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी, आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. बाहेर ओढून लांब करता येणारी दांडी, म्हणजे एरियल, फक्त एफएम आणि लघुलहरींसाठी (शॉर्ट वेव्ह) असते. मध्यम लहरींसाठी (मीडियम वेव्ह) तिचा सहसा काहीच उपयोग नसतो, कारण त्या लहरी पकडणारे एरियल संचाच्या आत असते. फेराइट नावाच्या काळसर, ठिसूळ पदार्थाच्या कांडीवर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते आणि ही कांडी बहुधा संचाच्या वरच्या कडेलगत आडवी बसवलेली असते. त्यामुळे मध्यम लहरींवर केंद्र नीट लागत नसेल तर दांडी ताणत बसण्यात अर्थ नाही, अख्खा रेडिओच फिरवावा लागतो.

तो कसा फिरवायचा हे एकदा करून पाहण्यासारखे आहे. एखादे क्षीण केंद्र लावावे, रेडिओ टेबलावर उभा ठेवावा आणि तळ न उचलता सावकाश गोल फिरवावा. बराच वेळ आवाजात विशेष फरक जाणवणार नाही, मग एका ठिकाणी तो अचानक खाली जाईल आणि थोडे पुढे जाताच पुन्हा वर येईल. आवाज पडतो त्या स्थितीत कांडीचे टोक केंद्राच्या दिशेने असते, आणि तिथून काटकोनात वळवले की कांडीची लांब बाजू केंद्रासमोर येऊन ग्रहण सर्वांत चांगले होते. चांगल्या ग्रहणाचा पट्टा रुंद असतो, आवाज पडण्याची जागा मात्र अगदी अरुंद असते. या अरुंद जागेचाही उपयोग करून घेता येतो. दोन केंद्रे एकमेकांवर चढत असतील किंवा शेजारच्या एखाद्या उपकरणाची घरघर येत असेल, तर हवे ते केंद्र मोठ्याने ऐकू यावे यापेक्षा नको तो आवाज पडावा, अशा बेताने रेडिओ वळवावा. पुष्कळदा केवळ एवढ्याने कार्यक्रम स्वच्छ ऐकू येतो.

एफएमची गोष्ट वेगळी आहे. बहुतेक देशांत हा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ असतो आणि त्यातील लहरींची लांबी सुमारे तीन मीटर भरते. त्यांच्या एक चतुर्थांश म्हणजे पाऊण मीटर लांबीची दांडी आदर्श मानतात. लहान संचांची दांडी बहुधा त्याहून आखूडच असते, म्हणून ती पूर्ण ओढावी, आणि केंद्र फार जवळ असल्यामुळे आवाज फाटत असेल तरच थोडी आत ढकलावी. दांडी सरळ उभी ठेवलीच पाहिजे असा नियम नाही. काही केंद्रांच्या लहरी आडव्या, काहींच्या उभ्या आणि काहींच्या मिश्र कंपनांच्या असतात, त्यामुळे ती तिरकी, आडवी अशी वाकवून पाहावी. शिवाय एफएमच्या लहरी भिंतींवर आणि इमारतींवर आपटून परततात. सरळ आलेली लहर आणि परतलेली लहर एकमेकींना मारक ठरतील अशा जागी रेडिओ असला तर खरखर येते, आणि तोच रेडिओ हातभर सरकवला की ती जाते. टेबलाच्या एका कोपऱ्यावर न लागणारे केंद्र दुसऱ्या कोपऱ्यावर स्पष्ट लागते ते याचमुळे. संचावर ‘स्टिरिओ’ आणि ‘मोनो’ असा खटका असेल तर क्षीण केंद्रासाठी मोनो निवडावे. आवाजाचा पसारा कमी होतो, पण सूं-सूं बरीचशी जाते, आणि एकाच लहान स्पीकरमधून ऐकताना त्या पसाऱ्याचा तसाही काही उपयोग नसतो.

सिमेंटच्या भिंतीतील लोखंडी गज, पत्र्याचे कपाट, शीतकपाट यांच्या आडोशाला कोणत्याही लहरी दबतात, तेव्हा खिडकीलगतची जागा साधारणपणे उत्तम ठरते. तरीही खरखर राहिली तर ती घरातल्याच उपकरणांची असण्याचा संभव मोठा असतो. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, संगणक आणि इन्व्हर्टर यांतून मध्यम व लघुलहरींवर सततची गुणगुण किंवा कडकड मिसळते. ही उपकरणे शोधायला सेलवरच्या रेडिओइतके सोयीचे साधन नाही. मध्यम लहरींवर दोन केंद्रांमधील रिकामी जागा लावून रेडिओ हातात घ्यावा आणि घरभर हिंडावे. जिथे आवाज वाढेल तिथली उपकरणे एकेक करून बंद करावीत, म्हणजे नेमके कोणते ते कळते. चार्जर भिंतीला नुसता लावलेला असला, त्याला फोन जोडलेला नसला, तरी तो आवाज करू शकतो. आभाळात विजा चमकत असताना येणाऱ्या कडकडाटाला मात्र इलाज नाही.

मध्यम लहरींवर दिवसा जी केंद्रे मुळीच लागत नाहीत ती अंधार पडल्यावर लागू लागतात. दिवसा जमिनीपासून सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर असलेला वातावरणाचा थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरळ होतो आणि लहरी आणखी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर पोहोचतात. त्यांचा आवाज चढतो आणि उतरतो, तो संचाचा दोष समजू नये. लघुलहरींसाठी ढोबळ नियम असा, की दिवसा १५ मेगाहर्ट्झ व त्याच्या वरचे पट्टे आणि रात्री ६ मेगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे आधी चाळावेत. नऊ ते दहा मेगाहर्ट्झमधला पट्टा पुष्कळदा दोन्ही वेळा उपयोगी पडतो. चार-पाच मीटर लांबीची साधी तार दांडीला चिमट्याने अडकवून खिडकीबाहेर सोडली तर लघुलहरींवर बराच फरक पडतो. पाऊस-विजांची चिन्हे दिसताच ती तार मात्र काढून आत घ्यावी.

आकडे दाखवणारा संच असेल तर मध्यम लहरींवर तो ९ किलोहर्ट्झच्या टप्प्याने सरकतो की १० च्या, हे तपासावे. अमेरिका खंडांत १० चा आणि जगात इतरत्र बहुतेक ठिकाणी ९ चा टप्पा चालतो. ही निवड चुकली की केंद्रे नेमकी लागतच नाहीत. काट्याच्या रेडिओत केंद्र लावून झाल्यावर काटा अगदी किंचित पुढे-मागे करून बोलणाऱ्याच्या आवाजातले ‘स’, ‘श’ चरचरत नाहीत ना, हे ऐकावे.

आता सेल. कोरड्या सेलचे दोन प्रकार सर्रास मिळतात, कार्बन-झिंक आणि अल्कलाइन. पहिला स्वस्त असतो, पण त्यात जस्ताचे बाहेरचे डबडेच वीजनिर्मितीत झिजत जाते, त्यामुळे तो संपत आला की फुटून पाझरण्याची शक्यता वाढते. अल्कलाइन जास्त काळ चालतो. लहान संचाला मध्यम आवाजात ४० मिलिअँपिअर वीज लागत असेल आणि सेलची क्षमता २००० मिलिअँपिअर-तास असेल, तर सरळ भागाकाराने पन्नास तास निघतात. स्पीकरवर आवाज वाढवला की वीज जास्त लागते, म्हणून इयरफोन लावून किंवा संच जवळ घेऊन हळू आवाजात ऐकणे हाच सेल वाचवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. आकडे दाखवणारे काही संच बंद असतानाही घड्याळासाठी थोडी वीज घेतच राहतात, हेही विसरू नये.

सेल बदलताना सगळे एकदम बदलावेत. एक नवा आणि एक अर्धा संपलेला असे एकत्र घातले तर संपलेल्या सेलमधूनही वीज जबरीने ढकलली जात राहते आणि तो पाझरू शकतो. पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल रोजच्या ऐकण्याला किफायतशीर पडतात. त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो, म्हणून पडद्यावर सेल कमी भरल्याचे दिसते, पण तो दाब अखेरपर्यंत बऱ्यापैकी टिकतो आणि बहुतेक संच त्यावर विनातक्रार चालतात. चार्ज मुळीच न घटणारे सेल नसतात. कपाटात ठेवलेले सेल काही महिन्यांनी पुन्हा भरून घ्यावेत, किंवा कमी स्वयंविसर्गाचे, म्हणजे नुसते ठेवले तरी चार्ज सावकाश घटणारे, म्हणून विकले जाणारे घ्यावेत. आत लिथियम बॅटरी असलेला संच पूर्ण रिकामा करून महिनोन्‌महिने पडू देऊ नये, अर्ध्याच्या आसपास चार्ज ठेवून बाजूला ठेवावा. चार्ज होत असताना ऐकले तर मध्यम लहरींवर घरघर मिसळणार, तेव्हा आधी चार्ज करून मग ऐकावे हेच बरे.

आता सेल पाझरल्यावरचे काम. झाकण उघडल्यावर स्प्रिंगच्या वळणांत पांढरी, मिठासारखी पूड दिसली तर तो अल्कलाइन सेलमधून आलेल्या क्षाराचा थर असतो. उघड्या हाताने तो खरवडू नये. हातमोजे घालून सेल काढावेत, कापसाच्या काडीचे टोक व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून ते पुडीवर टेकवावे. बारीक बुडबुडे येऊन ती विरघळू लागते. बुडबुडे थांबेपर्यंत हे करावे, मग ओलसर काडीने पुसून कोरड्या काडीने स्वच्छ करावे आणि काही तास उघडे ठेवावे. स्प्रिंगवर हिरवा गंज उरला तर बारीक पॉलिश कागदाने घासून मूळ धातू दिसू द्यावा. काही वेळा बंद पडलेला रेडिओ एवढ्यानेच बोलू लागतो. कार्बन-झिंक सेलचा द्राव आम्लधर्मी असतो, त्यावर व्हिनेगरऐवजी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावावा.

आवाजाचे चाक फिरवताना कर्रकर्र होत असेल तर संच बंद करून ते चाक दोन्ही टोकांपर्यंत वीसेक वेळा फिरवावे, आतली धूळ बाजूला होते. इयरफोन लावल्यावर स्पीकर बंद होतो, आणि लहान खिशातल्या रेडिओंत इयरफोनची तारच एफएमचे एरियल म्हणून काम करते. ती गुंडाळून खिशात कोंबली तर केंद्र लागणार नाही, लोंबती सोडावी. इयरफोन काढल्यावरही स्पीकर मुका राहिला तर इयरफोन खाचेत काही वेळा आत-बाहेर करावा.

महिनाभर किंवा अधिक काळ रेडिओ वापरायचा नसेल तर सेल काढून घ्यावेत आणि ते छोट्या पिशवीत घालून, प्रत्येकावर घेतल्याची तारीख लिहून, त्याच संचाच्या शेजारी ठेवावेत. वीज गेली आणि बाहेर वादळ असले की अंधारात सेल हुडकत बसावे लागू नये. कोणते टोक कुठल्या बाजूला ते चिन्ह झाकणाच्या आत असते, तरी दिसेनासे झाले असेल तर मार्करने पुन्हा गिरवून ठेवावे.