अदिश कृष्णद्रव्य: एलझेडची मर्यादारेषा कशी वाचावी

जळगाव, धुळे वा नंदुरबारच्या महाविद्यालयात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कृष्णद्रव्य, म्हणजेच डार्क मॅटर, हा विषय घेणाऱ्याने सर्वांत साध्या प्रतिमानापासून सुरुवात करावी. त्यात ज्ञात कणांच्या जोडीला एकच अदिश (स्पिन शून्य असलेला) कण असतो आणि त्याचा इतर द्रव्याशी संबंध केवळ हिग्ज कणामार्फत येतो. त्यामुळे मुख्य राशी दोनच उरतात: त्याचे वस्तुमान आणि हिग्जशी असलेला युग्मनांक (जोडणीची ताकद) लॅम्डा.

प्रथम न्यूक्लिऑनवरील (प्रोटॉन वा न्यूट्रॉनवरील) प्रकीर्णनाचा काटछेद, म्हणजे धडकेच्या शक्यतेचे माप, स्वतः काढावा. विभवात (पोटेन्शियलमध्ये) अर्धा लॅम्डा हा गुणक धरून लॅम्डा ०.०१ आणि वस्तुमान १०० जीईव्ही (एक जीईव्ही म्हणजे साधारण एका प्रोटॉनचे वस्तुमान) घेतल्यास उत्तर सुमारे ९ गुणिले १० चा उणे ४७ वा घात चौरस सेंटिमीटर येते. ते चौपट आले, तर तो अर्धा कुठेतरी निसटला आहे असे समजावे.

आता हे उत्तर अमेरिकेत दक्षिण डाकोटातील एलझेड (लक्स-झेप्लिन) या कृष्णद्रव्य शोधणाऱ्या भूमिगत प्रयोगाच्या मर्यादारेषेवर ठेवावे; रेषेच्या वरचे काटछेद प्रयोगाने नाकारले आहेत. सुमारे ७ टन द्रव झेनॉन वापरणाऱ्या या प्रयोगाची मर्यादा ४० जीईव्हीजवळ २.२ गुणिले १० चा उणे ४८ वा घात इतकी खाली गेली आहे. आपल्याकडच्या एका केळ्यात पोटॅशियम-४० चे सेकंदाला साधारण १५ क्षय होतात, हे लक्षात घेतले की तिथे किरणोत्साराविरुद्ध एवढी दक्षता का घेतात ते कळते.

बहुतेकांची गल्लत पुढच्या पायरीवर होते. आपला कण एकूण कृष्णद्रव्याचा काही अंशच असेल, तर काटछेदाला त्या अंशाने गुणूनच मर्यादेशी तुलना करावी. मात्र लॅम्डा वाढवून सुटका होईल, या भ्रमात राहू नये: काटछेद लॅम्डाच्या वर्गाने वाढतो, तर आरंभीच्या विश्वात या कणांचे परस्पर उच्चाटन (ॲनिहिलेशन) जलद झाल्याने शिल्लक अंश जवळपास त्याच प्रमाणात घटतो, आणि गुणाकार जागचा फारसा हलत नाही. माझ्या मते या प्रतिमानाची खरी कोंडी इथेच आहे.

म्हणून तग धरून असलेले प्रदेश मोजकेच आहेत. एक काही हजार जीईव्हीपलीकडे, आणि दुसरा हिग्जच्या निम्म्या वस्तुमानाजवळ, ६२.५ जीईव्हीच्या आसपासचा अरुंद पट्टा, जिथे अनुस्पंदामुळे (रेझोनन्समुळे) अगदी लहान लॅम्डा पुरतो. पाच-पाच जीईव्हीच्या टप्प्यांनी गणन केल्यास हा पट्टा आलेखात दिसणारच नाही. तिथे टप्पा ०.१ जीईव्ही किंवा त्याहून बारीक ठेवावा.