जोडमूळ संख्या शोधताना या चुका टाळा

११ आणि १३, १७ आणि १९ अशा जोडमूळ संख्या, म्हणजे २ चाच फरक असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या, प्रोग्राम लिहून शोधणं सोपं आहे. घोटाळा होतो तो त्याच संख्या सोफी जर्मेन, मर्सेन वगैरे मूळ संख्यांच्या दुसऱ्या याद्यांत आहेत का, हे पाहताना. असे बरेच घोटाळे संगणकाला हात न लावताही सुटतात. ३ ने भागून बाकी बघा.

जोडीतली मोठी संख्या सोफी जर्मेन, म्हणजे दुप्पट करून १ मिळवल्यावरही मूळ संख्याच देणारी, आहे का? लाखापर्यंत शोधलं तरी फक्त ५ सापडतो आणि वाटतं, कोडच गंडला. कोड बरोबर असतो. (३, ५) वगळता प्रत्येक जोडीच्या मधली संख्या ६ च्या पटीत असते, म्हणून धाकटीची बाकी २ आणि थोरलीची १. बाकी १ असेल तर दुप्पट अधिक एकला ३ ने भाग जाणारच: १३ चे २७, १९ चे ३९, ३१ चे ६३. शोधायचं ते धाकटीत. तिथे ११, २९, ४१, १७९ मिळतात.

मर्सेन संख्यांचं, म्हणजे २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांचं, नेमकं उलट. ३ सोडला तर त्यांची बाकी १ येते, म्हणून ७ आणि ३१ थोरल्या जागी बसतात. २ च्या घातात १ मिळवून येणाऱ्या फर्माच्या ५, १७ आणि ६५५३७ मात्र धाकट्या. पण बाकी जुळली म्हणजे जोडी जमलीच असं धरू नका. १२७ च्या आधी १२५ आहे, आणि २५७ च्या पुढचा २५९ म्हणजे ७ × ३७. ६ च्या पटीच्या दोन्ही बाजूंना मूळ संख्या असतातच, हा समजही १२० पाशी कोसळतो: ११९ म्हणजे ७ × १७, १२१ म्हणजे ११ × ११.

चाळणी (पट गाळून मूळ संख्या शोधण्याची रीत) ३० पर्यंतच लावली तर २९ एकटा दिसतो, कारण ३१ यादीबाहेर राहतो. मर्यादा २ ने वाढवा. सोफी जर्मेन तपासायच्या असतील तर दुपटीहून १ जास्त ठेवा. मोजताना हेही लक्षात असू द्या की १०० पर्यंत जोड्या ८, पण संख्या १५. ५ दोन जोड्यांत येतो.

जोडमूळ संख्यांच्या व्यस्तांची (१/११, १/१३ अशा अपूर्णांकांची) बेरीज करणार असाल तर दशांशांवर डोळे झाकून विसंबू नका. गणितज्ञ थॉमस नाइसली हीच बेरीज करत होते आणि १९९४ मध्ये त्यांना संगणकातल्या पेंटियम चिपच्या भागाकारातला दोष सापडला. ८२४६३३७०२४४१ आणि ८२४६३३७०२४४३ या जोडीचे व्यस्तांक चुकीचे येत होते. उत्तर दुसऱ्या यंत्रावर पडताळून घ्या.