प्रत्यारोपणानंतर लघवीतलं प्रोटीन: नमुना कसा द्यायचा, आकडा कसा वाचायचा

किडनी आईची असो की बायकोची, ती बसल्यावर क्रिएटिनिनचा (किडनीने रक्तातून गाळायच्या कचऱ्याचा) आकडा घरातल्या पोराटोरांनाही पाठ होतो. लघवीच्या रिपोर्टात मात्र 'प्लस आहे का' (पट्टीच्या रंगावरून प्रोटीनचा अंदाज) एवढंच बघितलं जातं. नव्या किडनीची गाळणी बिघडू लागली की बऱ्याचदा क्रिएटिनिन हलायच्या आधीच प्रोटीन झिरपायला लागतं, म्हणून दोन्ही आकडे एकाच वहीत शेजारी शेजारी लिहा.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्यावा. पहिली धार सोडून मधली धार स्वच्छ डबीत धरायची, 30 ते 50 मिली पुरते. आदल्या दिवशी रानात अंगमेहनतीचं काम नको. पाळी चालू असेल तर तपासणी पुढे ढकला. ताप किंवा जळजळ असेल तर प्रोटीन खोटं वाढलेलं दिसतं, पण तेव्हा थांबायचं नाही; त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

डबी दोन तासांत लॅबमध्ये पोचायला हवी, नाहीतर फ्रिजमध्ये. मे महिन्यात 42 अंशांत एसटीने औंढ्याहून नांदेडला पिशवीत नेलेल्या नमुन्यात जंतू वाढलेले असतात. त्यापेक्षा लॅबमध्येच जाऊन ताजा नमुना द्या. ती दिवसाची दुसरी लघवी असली तरी चालते, फक्त वेळ लिहून ठेवा आणि पुढच्या खेपेला तीच पाळा. त्याच दिवशी टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाची) रक्तातली पातळी बघायची असेल तर सकाळची गोळी खाऊन जाऊ नका. रात्री 9 ला घेतली असेल तर सकाळी 9 ला रक्त, मग गोळी. आधी गोळी खाण्याची चूक सगळ्यात जास्त होते, आणि पातळी वाढलेली दिसून डोस उगाच कमी केला जातो.

आता आकडा. पट्टीवरचे प्लस लघवी किती घट्ट आहे त्यावर बदलतात, म्हणून प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो मागा. समजा प्रोटीन 45 आणि लघवीतलं क्रिएटिनिन 90 मिग्रॅ प्रति डेसिलीटर आहे. 45 भागिले 90 म्हणजे 0.5, म्हणजे दिवसाला साधारण अर्धा ग्रॅम. उन्हाळ्यात पाणी कमी पडून हेच 90 आणि 180 झालं तर पट्टीवर एक प्लस वाढेल, रेशो 0.5 च राहील. एखादी लॅब 0.5 छापते, दुसरी 500 मिग्रॅ प्रति ग्रॅम, दोन्ही एकच. हजारपट वाढलं म्हणून घाबरलेली माणसं असतात! अंगात मांसच उरलेलं नसेल तर मात्र क्रिएटिनिन कमी पडून रेशो फुगतो.

0.2 च्या आत ठीक. त्याच्या वर गेलं तर पुन्हा तपासा, 0.5 च्या वर टिकलं तर कारण शोधावंच लागतं: रक्तदाब, लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी), टॅक्रोलिमसची पातळी, शरीराने दात्याच्या किडनीविरुद्ध तयार केलेल्या अँटीबॉडी, गरज पडली तर बायोप्सी (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं). किडनी नाकारली जाऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस या औषधांनीही प्रोटीन वाढतं. क्रिएटिनिन नेहमीच्या आकड्यापेक्षा 25 टक्के चढलं, म्हणजे 1.2 चं 1.5 झालं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. अंग दुखतंय म्हणून गावातल्या दवाखान्यात डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन घेणं हे या चढण्याचं टाळता येण्यासारखं कारण आहे.

पहिल्या महिन्यात एकदा, मग वर्षभर दर 3 महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा, एवढी तपासणी किमान हवी. सुरुवातीच्या काही आठवड्यांत जुन्या किडन्यांचंही प्रोटीन मिसळतं, म्हणून थोडं जास्त दिसेल. मूळ आजार एफएसजीएस (किडनीच्या गाळणीवर वण पडण्याचा आजार) असेल तर मात्र तो पहिल्या काही दिवसांतच नव्या किडनीत पुन्हा उलटू शकतो. तिथे महिना थांबायचं नाही.

बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन, एनजीएएल, किम-1 ही लघवीतल्या आणखी काही तपासण्यांची नावं कानावर येतील. त्या गाळणीपेक्षा तिच्या पुढच्या बारीक नलिकांची इजा सांगतात. त्यातलं बीटा-2 आम्लधर्मी लघवीत टिकत नाही, त्यामुळे खोटं कमी येतं. डॉक्टरांनी मागितल्याशिवाय यावर पैसे घालू नका.

वहीत एक पान दात्याचंही ठेवा. समजा किडनी आईने दिली, तर एकाच किडनीवर आल्याने तिचं क्रिएटिनिन 0.8 वरून 1.1 किंवा 1.2 झालं तर ते अपेक्षितच. वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो (अल्ब्युमिन हे एक प्रोटीनच) बघायचा, तो 30 मिग्रॅ प्रति ग्रॅमच्या आत हवा. 'मला काय धाड भरलीय' म्हणून आई टाळेल. तुमच्या तपासणीच्या दिवशीच तिचाही नमुना द्या.