कंपनीचा पीसी अपग्रेड करताय? आधी एसएमपीएसचा फोटो काढा

पुतण्या म्हणतोय काका पीसी लई स्लो चालतोय, रॅम वाढवू, ग्राफिक कार्ड टाकू. टाक की बाबा. पण दुकानात पैसे द्यायच्या आधी डबा उघड आणि एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या पेटीचा, स्टिकर आणि वायरींसकट फोटो काढ. मागच्या दिवाळीत मी हे एवढं एकच केलं नाही आणि सांगली-कोल्हापूर दोन चकरा झाल्या, वर कार्ड आजपण कपाटात पडून आहे. असेंबल केलेला पीसी असेल त्यांनी निवांत राहावं, त्यांचं सगळं कुठल्याही दुकानात मिळतं. हे आमच्यासारख्यांसाठी, ज्यांनी कुठल्यातरी ऑफिसातनं निघालेला कंपनीचा तयार डबा स्वस्तात उचललाय.

पहिलं काम बसल्या जागेवर होतंय. विंडोजच्या सर्चमध्ये सिस्टिम इन्फॉर्मेशन टाका आणि मॉडेलचं पूर्ण नाव कागदावर उतरवा. पूर्ण म्हणजे पूर्ण, कारण एकाच नावाचे तीन-तीन आकार येतात, उभा टॉवर, बारका आडवा आणि जेवणाच्या डब्याएवढा, आणि तिन्हीच्या आतलं सामान वेगळं. डब्याएवढा असेल तर रॅम लॅपटॉपची लागते आणि कार्डाचा विषयच सोडा. बारका असेल तर कार्ड अर्ध्या उंचीचं लागतं, पट्टीसकट. मग टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी, तिथं किती स्लॉट भरलेत ते दिसतं. डीडीआर४ आणि डीडीआर५ या डेस्कटॉपच्या रॅमच्या दोन पिढ्या, दोन्हीला पिना २८८च, पण खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळं बसत नसेल तर अंगठ्यानं रेटू नका. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, चुकीची घेऊन कपाटात ठेवायचे दिवस नाहीत. कपाटात कार्ड आहे तेवढं पुरे.

प्रोसेसर इंटेलचा आठव्या जनरेशनच्या आधीचा असेल तर जरा थांबा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ त्यावर सरळ मार्गानं बसत नाही. असल्या मशीनवर किती खर्च करायचा ते घरात आधी ठरवा.

आता उघडायचं. वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, पत्र्याला हात लावा, झालं. माझा पीसी मार्केट यार्डात एका आडत दुकानात पाच वर्षं होता. झाकण काढलं तर आत सगळं पिवळं, पंख्याच्या पात्यांवर हळदीचा थर, नखानं खरवडला तर चक्क वास आला. हे गॅलरीत करा, हॉलमध्ये केलं की काय ऐकावं लागतं ते मी ऐकलंय. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, गरागरा फिरू देऊ नका.

तर एसएमपीएस. फोटोत तीन गोष्टी यायला पाहिजेत: वॅट किती, आतनं मोकळी वायर किती आणि मदरबोर्डाकडं जाणारा प्लग किती पिनांचा. माझा निघाला १८० वॅटचा, मोकळी वायर एक नाही, आणि मी आणलेल्या कार्डाला पाहिजे ६ पिनची वेगळी वायर. स्लॉटमधनं कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, त्याच्या वर लागली की वायर लागणारच. दुकानदार म्हणाला, अहो ४५० चा नवीन एसएमपीएस टाका, सोप्पं आहे. आणला. तो कॅबिनेटच्या खाचेत बसंना, आणि त्याचा प्लग २४ पिनचा, बोर्डावर जागा ८ पिनची! तो लांबडा प्लग हातात धरून मी दहा मिनिटं नुसता बघत बसलो. मर्दा, एक फोटो काढला असता तर हे सगळं पेट्रोल वाचलं असतं.

कोणीतरी सांगेल की साटाच्या, म्हणजे हार्डडिस्कला वीज देणाऱ्या, वायरीवरनं ६ पिन करायचा कन्व्हर्टर मिळतो. मिळतो, पण लावू नका. साटाच्या त्या प्लगची १२ व्होल्टवरची ताकद ५४ वॅटची आणि ६ पिनकडनं कार्ड ७५ मागू शकतं, प्लास्टिक वितळतं. बिनवायरीची कार्डं आहेत, आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं त्यातलंच, पण त्यालाही कंपनी ३०० वॅटचा एसएमपीएस मागते. म्हणजे परत तोच फोटो. माझ्या १८० ला ते नको म्हणून यावेळी कार्डाचा नाद सोडला, रॅम आणि एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) टाकली. कार्ड बसवणारच असाल तर यूपीएसपण बघा, घरोघरी असतो तो ६०० व्हीएवाला साधारण ३६० वॅटच ओढतो.

एसएसडी घेताना बोर्डावर एम.२ ची, म्हणजे एसएसडीची पट्टी सरळ बोर्डावर बसायची, जागा आहे का आणि ती एनव्हीएमई जातीची एसएसडी घेते का साटा जातीची, ते बघून जा. लांबी बहुतेक ८० मिलिमीटर. ती दाबून धरणारा बारका स्क्रू बोर्डावर असेलच असं नाही, मला तो शेवटी मोबाईल रिपेअरवाल्याच्या डबीत सापडला.

बॅकअप घ्या, हे सांगायला नको. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, बायोसला (पीसी चालू होतानाच्या सेटिंगला) हात लावला की ती मागू शकतो आणि ती त्याच पीसीत सेव्ह करून काही उपयोग नाही.

बाकी किरकोळ. उघडलंच आहे तर बोर्डावरचा सीआर२०३२ चा सेल बदला. रॅम टक आवाज येईपर्यंत बसवा. बीप वाजली तर काढून परत बसवा. झाकण लावायच्या आधी एकदा चालू करून बघा. जुनी हार्डडिस्क महिनाभर पुसू नका. आणि कोणाच्या टॉवरला ६ पिन आणि पुरेसे वॅट असतील तर सांगा, कार्ड द्यायचंय, बॉक्ससकट आहे.