पहिलं कॅम्पिंग? आधी जमिनीची थंडी अडवा

डिसेंबरात रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या बाजूला तंबू ठोकायचा बेत असेल, तर नागपूरच्या दुपारच्या उन्हावर जाऊ नका. रात्री पारा १० अंशांखालीही उतरू शकतो आणि खरी हुडहुडी जमिनीतून चढते. म्हणून दुसरं ब्लँकेट कोंबण्याआधी फोमची चटई घ्या. तंबूखाली ताडपत्री हवी, पण तळापेक्षा थोडी लहान; बाहेर डोकावली की दवाचं पाणी तिच्यावरून थेट तुमच्या पाठीखाली. डोक्याला बांधायची बॅटरी घ्याच, मोबाइल दातात धरून खुंट्या ठोकणं मी करून पाहिलंय. झोपायचे कोरडे मोजे वेगळ्या पिशवीत. आणि आदल्या दिवशी अंगणात तंबू उभारून बघा. खुंटी कमी निघाली तर नागपुरातला बर्डीचा बाजार जवळ आहे, तलावाकाठी कुठे शोधणार?